चावीवाल्याची रजा

ज्या कचेरीत शहरातल्या जन्ममृत्यूंची नोंद होत असे, तिथे रोज सकाळी सगळ्यांच्या आधी एक माणूस हजर व्हायचा. तो आला नाही, तर त्या दिवशी शहरात कुणी जन्मायचं नाही आणि कुणी मरायचंही नाही. म्हणजे माणसं आपापली जन्मायची आणि मरायची, त्यांना कोण अडवणार? पण कागदोपत्री त्यातलं काहीच घडायचं नाही. या माणसाचा हुद्दा टंकलेखकाचा होता, पण त्या हुद्द्याने त्याला कुणी ओळखत नव्हतं. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्याला ‘चावीवाले’ म्हणायचे.

हे नाव पडलं त्याच्या सकाळच्या फेरीवरून. कचेरीचं दार उघडलं की तो पहिल्या टेबलाशी जायचा, तिथला संगणक सुरू करायचा, स्वतःचं नाव टाकायचा, डाव्या हाताचा आडोसा धरून पासवर्ड टाकायचा, नोंदणीचा प्रोग्रॅम उघडला याची खात्री करायचा आणि पुढच्या टेबलाकडे वळायचा. घरातल्या सगळ्या जुन्या घड्याळांना एखाद्याने ओळीने चावी द्यावी, तसा. शेवटच्या टेबलाला चावी देऊन होईपर्यंत बाहेर रांग लागलेली असायची आणि आतले लोक चहा पीत त्याच्या तोंडाकडे बघत बसलेले असायचे.

खिडकीवरच्या बाई, ज्या लोकांचे अर्ज घेऊन दाखले द्यायच्या, त्या आडोसा बघून दर दोन दिवसांनी म्हणायच्या, "अहो, आम्ही काय तुमच्या पासवर्डला दृष्ट लावणार आहोत?"

"नियम आहे बाई," तो गंभीरपणे म्हणायचा. "मुख्य कार्यालयाचं पत्रक आहे. पासवर्ड सख्ख्या भावालाही सांगायचा नाही."

आता एकाच माणसाच्या नावाने सगळी कचेरी का चालायची, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

हा माणूस टंकलेखक म्हणून लागला तेव्हा टंकलेखकाला भाव होता. मग टाइपरायटर गेले आणि टंकलेखक तेवढे उरले. बाकीच्यांनी वशिले लावून इकडेतिकडे बदल्या करून घेतल्या. याला वशिला नव्हता आणि तोंडही नव्हतं. याला पाण्याच्या पिंपाजवळ कोपऱ्यात एक खुर्ची मिळाली, काम मिळालं नाही. पाणी प्यायला येणारा जाणारा म्हणायचा, "काय, पिंपावर लक्ष आहे ना?" दिवसभर हे ऐकून तो घरी यायचा.

घरात दोघंच. बायको शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन होतं. कचेरीतले लोक तिला वहिनी म्हणायचे, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. त्या काळात वहिनी रोज विचारायची, "आज काय केलं?" आणि तो म्हणायचा, "बसलो." रुमाल काढून त्याची घडी घालायचा, मोडायचा, पुन्हा घालायचा. पुढे पुढे वहिनीने विचारणं सोडलं. नवऱ्याच्या तोंडून ‘बसलो’ ऐकण्यापेक्षा काही न ऐकलेलं बरं, असं तिला वाटायला लागलं.

मग संगणक आले. सगळ्या नोंदी मागच्या खोलीतल्या एका मोठ्या मशीनमध्ये, कुलुपाच्या कपाटात. टेबलांवरचे संगणक म्हणजे नुसत्या खिडक्या. प्रत्येक खिडकीला सांगावं लागतं, की बाई गं, नोंदी अमुक मशीनमध्ये आहेत, तमुक नावाच्या डेटाबेसमध्ये आहेत, तिथे या वाटेने जायचं. यालाच जोडणी म्हणतात. कंपनीचा माणूस येऊन हे एका बैठकीत भराभरा सांगून गेला. बाकीचे जांभया देत होते. आमचा पिंपाजवळचा माणूस मात्र कान देऊन ऐकत होता, कारण कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्याच्यादेखत कामाचं बोलत होतं.

त्याने पहिली जोडणी केली ती खिडकीवरच्या बाईंच्या टेबलावर. सेटिंगमध्ये एक लहानशी चौकट उघडते. तिच्या वरच्या बाजूला कप्पे असतात. पहिल्या कप्प्यात केलेली जोडणी फक्त ती करणाऱ्या माणसाला दिसते. शेजारच्या कप्प्यात केली, तर त्या संगणकावर बसणाऱ्या कुणालाही दिसते. चौकट उघडली की पहिला कप्पा समोर येतो. त्याने समोर आलं त्यात काम केलं. मोठ्या मशीनचं नाव टाकलं, डेटाबेसचं नाव टाकलं, चाचणीचं बटण दाबलं. जोडणी यशस्वी, असं उमटलं. ते वाचून त्याला जे वाटलं, ते लग्नातही वाटलं नसेल, असं वहिनी पुढे चेष्टेने म्हणायची.

मग बाईंनी स्वतःच्या नावाने संगणक उघडला आणि जोडणी गायब. याने आपल्या नावाने उघडला, तर जोडणी जागेवर. याला वाटलं, हे असंच असतं. "असं करू," तो म्हणाला, "मीच सगळीकडे माझ्या नावाने उघडून देतो, तुम्ही काम करा." साहेबांना काय, रांग हलली म्हणजे झालं. त्याने एकेका टेबलावर जाऊन तशाच जोडण्या केल्या, पहिल्याच कप्प्यात. दुसऱ्या दिवशीपासून सकाळची फेरी सुरू झाली, ती कायमची.

आणि माणूस बदलला. पाठ ताठ झाली. रुमालाची घडी एकदाच घालून खिशात जाऊ लागली. ‘चावीवाले आले का?’ असं साहेब फोनवरून विचारू लागले. गावाला जायचं म्हटलं तर जाता येईना. त्याचा थोरला भाऊ वारला तेव्हाही तो सकाळची फेरी करून दुपारी पोचला. नातेवाइकांनी नावं ठेवली. पण खरं सांगायचं तर वहिनीला त्याचा अभिमानच वाटला. ब्लाउजची मापं द्यायला आलेल्या बायकांना ती तोंडात टाचण्या धरून सांगायची, "यांच्याशिवाय ऑफिस उघडत नाही हो यांचं." एकदा नाही, शंभरदा सांगितलं असेल.

पोटात दुखायला लागलं त्याच्या, तेव्हा त्याने आधी ते अंगावर काढलं. मग जेवण तुटलं. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. वहिनीने अक्षरशः ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि स्पष्ट सांगितलं, "आत गाठ आहे. आज लहान आहे, काढली तर निघेल. महिनाभर अंथरुणावर राहावं लागेल. पण उशीर करू नका."

"पुढच्या महिन्यात करू," तो म्हणाला.

"अहो, ते उशीर करू नका म्हणतायत," वहिनी म्हणाली.

"पुढचा महिना म्हणजे उशीर नव्हे."

घरी आल्यावर वहिनीने कापड काढलं. ऑपरेशननंतर डोक्यावरून कपडे घालता येत नाहीत, म्हणून तिने समोरून उघडणारा सैल सदरा बेतला, नाड्यांचा. खालची किनार तिने नुसती धावदोऱ्याने धरून ठेवली. तारीख ठरली की पक्की टीप मारीन, म्हणाली. सदरा कपाटात गेला. पुढचा महिना आला. "साहेब रजा देतील गं," तो म्हणाला, "पण मशीनं देणार नाहीत. महिनाभर कोण चावी देणार? लोक दाखल्यासाठी रडतील." त्याच्या पुढचा महिना आला.

एका रविवारी वहिनीने मशीन बंद केलं आणि त्याला समोर बसवलं. "मला नीट समजावून सांगा. दुसऱ्या कुणाला का जमत नाही ते?"

त्याला आनंद झाला. त्याने तिचंच रीळ घेतलं. "हे मागच्या खोलीतलं मोठं मशीन. हा धागा म्हणजे जोडणी. सुई म्हणजे टेबलावरचा संगणक. धागा ओवल्याशिवाय सुई चालेल का?"

"नाही."

"तर धागा माझ्या नावाने ओवलाय. मी बसलो तरच सुई चालते."

वहिनीने क्षणभर विचार केला. तिला संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण धाग्यातलं कळत होतं. "मग सगळ्यांच्या नावाने ओवून ठेवा ना."

तो रीळ हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तसं नसतं ते." आणि उठून आत गेला. वहिनीला वाटलं, आपण काहीतरी अडाण्यासारखं बोललो. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, नुसती आठवण करून द्यायची, "तारीख घेऊ ना?" आणि ठरलेलं उत्तर यायचं.

शेवटी तारीख त्याने घेतली नाही, गाठीनेच घेतली. सकाळी बूट घालताना तो जो वाकला तो वर उठलाच नाही. इस्पितळात पोट उघडायचं की नाही यावर डॉक्टरांची चर्चा झाली, आणि उघडायचं नाही असं ठरलं. वहिनी नाड्यांचा सदरा घेऊन आली. किनारीला अजून धावदोराच होता. तोच तिने त्याला घातला.

दहा वाजून गेले असतील, तिचा फोन वाजला. खिडकीवरच्या बाई होत्या.

"वहिनी, ही वेळ नाही हो, मला कळतंय. पण इथे सगळं बंद आहे. बाहेर रांग लागलीय. एकांचं तान्हं बाळ गेलंय, ती दोघं नुसती भिंतीला टेकून उभी आहेत. तो पासवर्ड चावीवाल्यांना विचाराल का जरा?"

वहिनीला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. पण खाटेवरून त्याने डोळे उघडले होते. कोण आहे ते त्याला बरोबर कळलं होतं. त्याने बोटाने तिला जवळ बोलावलं. तिने कान त्याच्या तोंडाशी नेला. त्याही अवस्थेत त्याने डावा हात उचलला आणि तोंडाला आडोसा धरला.

एकेक अक्षर तो सांगत गेला आणि वहिनी फोनमध्ये म्हणत गेली. "मोठं की लहान?" तिने विचारलं. "मोठं," तो म्हणाला. मग आकडे. मग एक चिन्ह, ते तिला समजेना, त्याने हवेत काढून दाखवलं. सगळं सांगून झालं तेव्हा त्याला धाप लागली होती.

"चालू झालं का?" त्याने विचारलं.

तिने फोनवर विचारलं. "झालं म्हणतात."

त्याने मान हलवली. वहिनी फोन बाजूला ठेवून त्याच्या तोंडाशी तशीच वाकून राहिली. तिला वाटलं, आता आपल्यासाठी काहीतरी येईल. एवढ्या वर्षांच्या संसारात दोन शब्द तर शिल्लक असतील. त्याला झोप लागली, आणि त्या झोपेतूनच तो गेला. शेवटचं बोलणं झालं ते हे, मोठं अक्षर, लहान अक्षर, चालू झालं का. वहिनीच्या मनाला ते फार लागलं. ती कुणापाशी बोलली नाही, पण लागलं.

दिवसपाणी आटोपल्यावर ती दाखला आणायला कचेरीत गेली. नवऱ्याच्या कचेरीतच नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. रांगेत उभी राहिली, पण बाईंनी तिला पाहिलं आणि आत घेऊन बसवलं, पिंपाजवळच्या कोपऱ्यात, त्याच्याच खुर्चीवर.

"थोडं थांबाल का वहिनी?" बाई हळूच म्हणाल्या. "साहेबांनी मुख्य कार्यालयाला कळवलं, चावीवाले गेले म्हणून. तिकडून विचारणा आली, की माणूस गेलाय तर मग रोज सकाळी सगळ्या टेबलांवर हजर कोण होतंय? आता इंजिनिअर बाई आल्यात दुरुस्तीला. त्यांचं होऊ द्या. आत्ता दाखला काढला, तर खाली ‘नोंद करणार’ म्हणून... म्हणजे..."

वहिनीला समजलं. दाखल्यावर नोंद करणाऱ्याचं नाव छापलं जायचं. आत्ता काढला असता, तर वर मयताचं नाव आणि खाली नोंद करणाऱ्याचंही तेच. स्वतःच्या मरणाची नोंद स्वतःच करून मोकळा. त्याला आवडलं असतं, असं तिच्या मनात आलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

"थांबते," ती म्हणाली.

इंजिनिअर बाई चटपटीत होत्या, स्वभावानेही बऱ्या असाव्यात. कोपऱ्यात बसलेली बाई कोण, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या टेबलावर त्यांनी ती चौकट उघडली आणि कपाळाला हात लावला.

"अहो, हे कुणी केलंय? सगळ्या जोडण्या एकाच माणसापुरत्या! शेजारच्या कप्प्यात केल्या असत्या, तर तुम्हा सगळ्यांना आपापल्या नावाने काम करता आलं असतं. नवशिक्याची चूक आहे, होते सुरुवातीला. पण इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

बाईंनी नुसतं कोपऱ्याकडे पाहिलं.

"किती वेळ लागेल?" वहिनीने कोपऱ्यातूनच विचारलं.

"चहाच्या वेळेपर्यंत होईल सगळं. काम असं काही नाहीच हो काकू, टेबलं फिरायची एवढंच."

चहाच्या वेळेपर्यंत. वहिनी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. एका दुपारचं काम. भावाच्या मरणाला वेळेवर न पोचलेला माणूस, पट्ट्याची भोकं, कपाटातला सदरा, आणि दर वेळचा तो पुढचा महिना. एका दुपारचं काम! तिने मनाची समजूत घातली, की बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. शिकवणारा घाईत सांगून गेला, यांनी समोर आलं ते केलं. न कळणं हा काही गुन्हा नाही. ती स्वतःलाच सांगत होती.

फिरत फिरत इंजिनिअर बाई कोपऱ्यात आल्या. चावीवाल्याचा स्वतःचा संगणक तिथे होता. त्यांनी चौकट उघडली आणि थांबल्या.

"अरेच्चा! हे एकच बरोबर आहे. इथे सगळ्यांसाठी केलंय." त्या खिडकीकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे माहीत होतं की त्यांना!"

त्या पुढच्या टेबलाकडे गेल्यावर खिडकीवरच्या बाई उठून आल्या. वहिनीच्या तोंडाकडे बघून त्यांना गप्प बसावंसं वाटलं असावं, पण गप्पही बसवेना.

"हे मशीन याच वर्षी आलं," त्या म्हणाल्या. "एका सोमवारी त्यांनी मला इथे बोलावलं. म्हणाले, काल घरी विषय निघाला होता, तुमच्या नावाने उघडून बघा जरा. मी उघडलं. उघडलं की हो वहिनी, लगेच उघडलं. मी म्हटलं, अहो वा, मग सगळीकडे असंच करा की, तुमची सकाळची दगदग तरी वाचेल. तर म्हणाले, बघू, पुढच्या महिन्यात. आणि मग पेला हातात धरून इथेच बसून राहिले. बराच वेळ. मी आपली खिडकीवर निघून गेले. त्यांना बरं नाही, हे त्यांनी आम्हाला सांगितलंच नव्हतं कधी."

सोमवार. म्हणजे रिळाच्या रविवारनंतरचा. वहिनीचा प्रश्न अडाण्यासारखा नव्हता. तो त्याने खिशात घालून कचेरीत आणला होता, करून पाहिला होता, तो बरोबर निघाला होता. आणि बरोबर निघाला म्हणूनच तो घाबरला होता.

तिला रडू आलं नाही, संताप आला. समोर असता तर तिने त्याला गदागदा हलवलं असतं. अहो, खुर्चीच होती ना ती? बसला असता पुन्हा पिंपाजवळ, घातल्या असत्या रुमालाच्या घड्या, म्हणाला असता ‘बसलो’, पण बसला असता ना! मग तिला आपल्या तोंडातल्या टाचण्या आठवल्या, आणि आपणच बायकांना ऐकवलेलं ते वाक्य. घरी भिंतीपलीकडून त्याने ते किती वेळा ऐकलं असेल. ‘बसलो’ ऐकायला नको म्हणून विचारणं कुणी सोडलं होतं? संताप तसाच राहिला, फक्त त्यातला निम्मा आता तिच्याकडे वळला.

चहा यायच्या आत काम उरकलं. खिडकीवरच्या बाईंनी स्वतःचं नाव टाकलं, स्वतःचा पासवर्ड टाकला, आडोसा न धरता. प्रोग्रॅम उघडला. त्यांनी वहिनीला विचारून विचारून मयताचं नाव, वय, पत्ता भरला. व्यवसायाशी थबकल्या. "टंकलेखक लिहू ना?"

"हो. तेच होते," वहिनी म्हणाली.

दाखला छापून आला. वर त्याचं नाव होतं, खाली बाईंचं.

इंजिनिअर बाई बॅग आवरता आवरता साहेबांच्या टेबलावरच्या संगणकाशी थांबल्या. "आता तो जुना वापरकर्ता काढून टाकते, म्हणजे माझं संपलं. काढू ना?"

साहेब चष्मा पुसू लागले. बाईंनी वहिनीकडे पाहिलं, तेव्हा कुठे इंजिनिअर बाईंच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा उतरला. "काकू, मला खरंच..."

"काढा," वहिनी म्हणाली. दाखल्याची घडी घालून तिने तो पिशवीत ठेवला. "रजा हवी होती त्यांना. तुमच्या हातून मिळू दे."

इंजिनिअर बाईंनी कळ दाबली. नक्की काढायचं का, असं मशीनने विचारलं. त्यांनी पुन्हा दाबली.

वहिनी दारापर्यंत गेली आणि वळून उभी राहिली. खिडकीशी तान्ह्या मुलाला घेतलेला एक माणूस पुढे सरकला होता, आणि बाई त्याला बाळाचं नाव विचारत होत्या. वहिनीने टेबलामागून टेबल पाहिलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तो सकाळी जायचा त्याच क्रमाने. एकही मशीन बंद पडलं नाही.